मनगटाची साक्ष

मनगटावरचा पट्टा चार महिन्यांत बोदरटोल्याच्या बायांना अंगचाच वाटू लागला होता. राखाडी रबराचा, बोटभर रुंद. आंघोळीला काढायचा नाही, झोपताना काढायचा नाही, आठवड्यातून एकदा चार्जिंगला लावायचा. आत नाडी मोजणारा हिरवा दिवा आणि हाताची प्रत्येक हालचाल टिपणारी एक बारीक चकती. माणूस पडलं, लटपटलं, फिट आली, की दवाखान्यात घंटा वाजायची. तळ्यांच्या या मुलखात सिकलसेल आणि रक्तदाब घरोघरी. पट्टा आल्यापासून बांधावर कोसळलेल्या दोघीजणी वेळेत सापडल्या होत्या.

हे पट्टे हेमलता काटेखायेनं घातले होते. ती गावची आशा सेविका. कंपनीची माणसं आली, तेव्हा कोणी हात पुढे करेना. मग हेमलतानं आधी स्वतःच्या मनगटावर चढवला आणि दारोदार फिरली. "घाल माय. मी घातला ना? तुले काही झालं तर मले कळलं पायजे." तिच्या शब्दावर बाया तयार झाल्या. बाळंतपणं तिनं केली होती, पोरांना लसी तिनं टोचवल्या होत्या. तिच्यावर विश्वास ठेवायला वेगळं कारण लागत नव्हतं.

तसाच हेमलताचा विश्वास रजनीताई पटलेंवर. रजनीताई गटप्रवर्तक, म्हणजे परिसरातल्या सगळ्या आशांच्या वरच्या बाई. हेमलताचा नवरा तळ्यात बुडून गेला, तेव्हा सासरच्यांनी तिला माहेरी धाडायचं ठरवलं होतं. रजनीताई अंगणात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही कुठं जाणार नाही. उद्यापासून माझ्यासोबत कामाला येते." रक्तदाब कसा मोजायचा, अधिकाऱ्यासमोर खुर्ची ओढून कसं बसायचं, हे सगळं हेमलता त्यांच्याकडून शिकली. पट्ट्यांची योजना गावात आणली तीही रजनीताईंनीच.

त्या वर्षी रजनीताईंनी राजीनामा दिला आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. हेमलता त्यांचा उजवा हात झाली. प्रचाराची व्यवस्था बघायला शहरातून एक कंपनी आणली होती, पट्टेवाल्यांच्याच मालकाची. तिची गुळगुळीत बोलणारी पोरं लॅपटॉप घेऊन ताईंच्या ओसरीवर बसलेली असत. मतदानाच्या आठवडाभर आधी ताई म्हणाल्या, "हेमा, बायांचं शिबिर घे. मतदार जागृतीचं. यंत्राला घाबरतात बिचाऱ्या."

शिबिराला सगळ्या आल्या. शाळेत एक सरावाचं मतदान यंत्र ठेवलं होतं, खऱ्यासारखंच. कंपनीचा पोरगा प्रेमानं सांगत होता, "मावशी, वरून खाली एकेक बटण दाबा. पाचही दाबा. बीप वाजेपर्यंत बोट ठेवायचं. पट्टा राहू द्या हातात, काही होत नाही त्यानं." बाया हसत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या. हेमलतानं सगळ्यांत आधी पाचही बटणं दाबून दाखवली.

मतदानाच्या दिवशी ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली आणि थांबली.

रजनीताईंचं नाव सगळ्यांत वर. तिसरं नाव दुर्पता मेश्रामचं. दुर्पताबाई ढिवर समाजाच्या, मच्छीमार सोसायटीच्या सभासद, साठीच्या. तळं बाहेरच्या ठेकेदाराला द्यायला त्यांचा विरोध होता. हेमलतानं या गोष्टीबद्दल रजनीताईंना प्रचारात दोनदा विचारलं होतं आणि दोनदा त्यांनी विषय बदलला होता. तळं गेलं तर ढिवरटोलीतल्या घरांची चूल कशावर पेटणार, हे हेमलताला माहीत होतं. त्या चुलींपाशी बसून तिनं लोह-गोळ्या वाटल्या होत्या. ताईंच्या तोंडावर नाही म्हणणं तिला जमलं नसतं. इथे कोणाचंच तोंड नव्हतं. तिनं तिसरं बटण दाबलं, बीप संपेपर्यंत बोट ठेवलं आणि बाहेर आली. बाहेर आल्यावर मन हलकं झालं होतं, हे तिचं तिलाच विचित्र वाटलं.

रजनीताई थोडक्या मतांनी निवडून आल्या. गुलाल उधळला, पेढे वाटले. ताईंनी हेमलताला पेढा भरवून जवळ घेतलं, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझे उपकार कशी विसरू, हेमा?" हेमलताला वाटलं, ताईंचे डोळे भरून आलेत.

*

महिना उलटला आणि मत्स्यबीज केंद्राच्या फाटकावर पहिला प्रकार घडला. तळ्याकाठच्या या केंद्रात माशांची पिल्लं मोजून पिशव्यांत भरायचं काम गावातल्या बाया करत. आता केंद्राच्या समितीवर रजनीताई होत्या. एका सकाळी पार्बताबाई शेंडेंना आत घेतलं आणि त्यांच्या सुनेला, ललिताला, परत पाठवलं. एकाच घरातल्या, एकाच चुलीवरच्या दोघी.

"काहून?" ललितानं विचारलं.

"वरून आलंय," मुकादम म्हणाला.

मग आणखी बायांचं काम गेलं. कोणाचा घरकुलाचा हप्ता अडला, कोणाच्या गल्लीतला नळ कोरडा राहिला. हेमलतालाही गावच्या कामाशिवाय दुसऱ्या गावांचं जादा काम लावलं, जंगलापलीकडचं. रजनीताईंचा फोन लागेना. काय चाललंय ते तिला कळत नव्हतं. ढिवरटोलीतल्या बायांना मात्र लवकर कळलं, कारण त्यांनी चुपचाप आपापसांत ताळा घेतला. ज्यांनी दुर्पताबाईला मत दिलं, नेमक्या त्यांनाच फटका बसला होता. टोली, जात, घर काहीच आडवं येत नव्हतं. घरात एकीनं इकडे आणि एकीनं तिकडे दिलं असेल, तर घरातली बरोबर तीच वेचून काढली होती.

एवढं बारीक कोणाला ठाऊक असणार? घराघरांत कोण शिरतं?

हेमलता लसीकरणाचा निरोप द्यायला गेली, तेव्हा ललितानं दार अर्धंच उघडलं.

"तूच सांगतलं तिले," ललिता म्हणाली.

"काय सांगतलं?"

"कोणी कोणाले मत देल्लं ते. तिच्या मागं मागं फिरत होती ना तू? आमी तुले घरचं समजून बोललो."

"माय शपथ, ललिता, मले कोणी काही बोललंच नाही. मतदानाचं मी कोणाले विचारलं काय कधी? आठव."

ललितानं आठवलं असावं, कारण ती थोडी थांबली. पण दार लावून घेतलं.

हेमलता तळ्याच्या बांधावर जाऊन बसली. खरंच, तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिनं स्वतःचं मतही कोणाला सांगितलं नव्हतं, आणि तरीही तिला जंगलापार धाडलं होतं. मनातून बाहेर न पडलेली गोष्ट ताईंपर्यंत पोचली कशी?

उत्तर दुर्पताबाईकडे मिळालं. म्हातारी जाळं विणत होती. हेमलतानं विचारलं, "आत्या, तुमाले मत देऊनही जिचं काहीच बिघडलं नाही, अशी कोणी हाय काय?"

"एक माही बहीण. काम सुरू हाय तिचं. आणखी ती डावरी रेखा." दुर्पताबाईनं गाठ मारली. "मीबी इचार केला. काही समजत नाही."

बहिणीचा हात मतदानाच्या आधी कढईच्या तेलानं भाजला होता. पट्टा काढून ठेवलेला. रेखा पट्टा सगळ्यांसारखा उजव्या मनगटावर बांधायची आणि सगळी कामं डाव्या हातानं करायची.

हेमलतानं आपल्या मनगटाकडे पाहिलं. हिरवा दिवा लुकलुकत होता. तिनं पट्टा ओरबाडून काढला. खाली पांढुरका वळ उमटलेला होता.

*

नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संवेदकांचा विषय शिकवणाऱ्या इशरत काझींना हे ऐकून धक्का बसला नाही. त्या फक्त म्हणाल्या, "कोणीतरी कधीतरी करणारच होतं."

दुर्पताबाईंचे वकील रामटेके त्यांना भेटायला हेमलतालाही घेऊन गेले होते. इशरतनं टेबलावर एक पट्टा उघडून ठेवला आणि सोप्या भाषेत समजावलं.

मतदान यंत्रावर नावं एकाखाली एक असतात. वरचं बटण दाबताना हात थोडा उंच जातो, खालचं दाबताना कोपर थोडं सरळ होतं. आपल्याला हा फरक जाणवतही नाही. पट्ट्यातली चकती मात्र गुरुत्वाकर्षणाची दिशा सतत मोजत असते. मनगट केसभर वळलं तरी तिला कळतं. बटण दाबलं की बोटाला उलटा हलका हिसका बसतो, आणि बीप संपेपर्यंत हात स्तब्ध राहतो. दिवसभराच्या हालचालींत अशी खूण एकदाच येते. म्हणजे मत कधी दिलं तेही सापडतं.

"पण प्रत्येकीचा हात वेगळा," इशरत म्हणाल्या. "उंची वेगळी, सवय वेगळी. त्यामुळे आधी प्रत्येक बाईच्या हाताचा नमुना पाहिजे. पहिलं बटण दाबताना तुमचा हात कसा हलतो, दुसरं दाबताना कसा. तो नमुना असल्याशिवाय हे गणित सुटत नाही. त्यांना तो कुठून मिळाला, तेच मला कळत नाहीये."

हेमलतानं टेबलावरच्या उघड्या पट्ट्यावरून नजर उचलली.

"शिबिर," ती म्हणाली. "मी घेतलं होतं. पाचही बटणं दाबा म्हणत होते. वरून खाली." तिनं पट्टा दूर सारला. "मीच बोलावून आणल्या होत्या सगळ्या."

मोबाईल मतदान केंद्रात नेता येत नाही, पण पट्टा वैद्यकीय साधन म्हणून त्याला मुभा होती. नियम करणाऱ्यांच्या डोक्यात मधुमेहाचे, हृदयाचे रोगी होते. फट त्यांच्या दयेतूनच राहिली होती.

*

चार वर्षांपूर्वी मतगुप्तता कायदा झाला होता. मताची गुप्तता भंगल्याचं नंतर उघड झालं, तरी निवडणूक रद्द करण्याची मागणी त्यानुसार करता येत होती. दुर्पताबाईंनी तशी याचिका केली. पण त्याच कायद्यात जुनं कलमही जसंच्या तसं होतं. कुठल्याही मतदाराला, अगदी न्यायालयातसुद्धा, मत कोणाला दिलं हे सांगायला भाग पाडता येणार नाही.

जिल्हा न्यायालयाच्या आदेशावरून पट्ट्यांची मूळ माहिती इशरतच्या हाती आली. त्यांनी न्यायाधीशांसमोर प्रयोग केला. आडोशामागे यंत्र ठेवलं. कर्मचाऱ्यांनी पट्टे बांधून आधी नमुने दिले, मग हवी ती बटणं दाबली. इशरतनं बाहेर बसून प्रत्येकाचं बटण ओळखलं. कोर्टात कुजबुज झाली.

रजनीताईंचे वकील शांतपणे उठले. "सरावातून सरावच सिद्ध होतो, महाराज. प्रत्यक्ष मतदानात हे घडलं याला पुरावा काय? गावात कोणाचा कल कुठे, हे कार्यकर्त्यांना अंदाजानंही कळतं."

मतदानाच्या दिवसाची माहिती इशरतकडे होती, पण कोणाचंही मत तिच्या संमतीवाचून उघड करायला न्यायालयानं बंदी घातली होती. शिवाय पट्ट्यानं काढलेलं उत्तर खरं की खोटं, हे त्या बाईशिवाय कोण सांगणार? म्हणजे कोणीतरी उभं राहून आपलं मत बोलायला हवं होतं.

रामटेके वकील बोदरटोल्यात येऊन बसले. बाया ऐकत राहिल्या. शेवटी ललिता म्हणाली, "आमचं मत चोरलं म्हणून तुमी कोर्टात गेले. आता तेच मत आमी चारचौघांत बोलाचं? मंग चोरात अन् तुमच्यात फरक काय, साहेब?"

एकेक करून बाया उठून गेल्या.

"दुर्पताबाईंचं मत सांगून फायदा नाही," रामटेके गाडीपाशी हेमलताला म्हणाले. "उमेदवार स्वतःलाच मत देणार, ते कोणीही ओळखेल. तुमचंही तेच. तुम्ही रजनीताईंचा उजवा हात. तुमचं मत तर सगळ्यांना ठाऊकच आहे."

हेमलतानं गाडीच्या दारावर हात ठेवला.

"नाही, साहेब," ती म्हणाली. "कोणालेच ठाऊक नाही."

*

साक्षीच्या दिवशी रजनीताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्यांची आवडती फिकट जांभळी साडी नेसून. हेमलता पिंजऱ्यात उभी राहिली. न्यायाधीशांनी तिला दोनदा समजावलं, की मत सांगायची सक्ती नाही, ती आताही नकार देऊ शकते.

"मले माहीत हाय, साहेब. मी माह्या मनानं सांगते."

"सांगा."

"मी प्रचार रजनीताईंचा केला. मत दुर्पताबाईले देल्लं. तिसरं बटण."

मागे बसलेल्या दुर्पताबाईंनी तोंडावर पदर धरला. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं. रजनीताईंच्या चेहऱ्यावर मात्र काहीच हललं नाही. ना आश्चर्य, ना राग. न्यायाधीश नेमके त्यांच्याकडेच पाहत होते.

मग इशरतनं सीलबंद ठेवलेला निष्कर्ष उघडला. हेमलता काटेखाये, तिसरं बटण.

"योगायोग," विरुद्ध बाजूचे वकील म्हणाले. "पाचांत एक."

तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "मंग माहंबी पाहा." पार्बताबाई उठून उभ्या होत्या. सून पदर ओढत असतानाही त्या पुढे आल्या. "मी रजनीलेच मत देल्लं, साहेब. माहं काम गेलं नाही, मले काही तरास नाही. अन् पुढंबी तिलेच देईन, कोण जाणे. पण पडद्याआड मी काय केलं, ते पाहाचा तिले काय अधिकार? माह्या नवऱ्यानं कधी विचारलं नाही!"

पहिलं बटण. इशरतचा निष्कर्ष तोच होता. त्यानंतर ललिता उठली. तिच्यामागे आणखी बाया उठू लागल्या, तेव्हा न्यायाधीशांनीच हात वर करून त्यांना थांबवलं. "पुरे," ते म्हणाले. "बाकीच्यांची मतं त्यांच्यापाशीच राहू द्या."

बाहेर व्हरांड्यात रजनीताई हेमलताची वाट पाहत होत्या.

"मतदानाच्या संध्याकाळीच कळलं होतं मला," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "पोरांनी पडद्यावर नावं दाखवली. मी म्हटलं, यंत्र चुकलंय. भांडले त्यांच्याशी. माझी हेमा असं करणार नाही म्हटलं. पुन्हा तपासायला लावलं."

"ताई, तुमी पेढा भरवला मले."

"मग काय करणार होते? तुझ्यासाठी अंगणात उभी राहिले होते मी. सगळा गाव विरोधात असताना. आणि तू तोंडावर एक आणि आत जाऊन दुसरंच."

"तेवढी एकच जागा होती, ताई, जिथं मले तुमचे उपकार आठवाचे नव्हते." हेमलतानं मोकळं मनगट पुढं केलं. "तुमी विचारलं असतं तर भांडली असती तुमच्याशी. तळ्यासाठी. पण तुमी विचारलं नाही. माह्याच हातानं बायाईच्या मनगटात फास अडकवला. त्या मले चोर समजल्या."

"मला फक्त आपलं कोण ते जाणून घ्यायचं होतं."

"मंग पार्बताबाईच्या सुनेचं काम काहून गेलं?"

रजनीताईंनी खांबाला हात टेकला. "एकदा कळलं ना हेमा, की मग नुसतं कळून भागत नाही. माणूस दिसलं की तेच आठवतं."

त्या पायऱ्या उतरून गेल्या.

*

निवडणूक रद्द झाली. प्रचार कंपनीवर खटला भरला गेला, रजनीताईंना सहा वर्षं निवडणूक लढवायला बंदी झाली. राज्यभर नियम बदलला. मतदान केंद्राच्या दाराशी अंगावरचं प्रत्येक यंत्र काढून ठेवायचं, आणि ज्यांना काढता येत नाही त्यांच्यासाठी संवेदक बंद पाडणारी पेटी. वर्तमानपत्रांनी लोकशाही बळकट झाल्याचं लिहिलं. हेमलताचा फोटोही छापला.

बोदरटोल्यात त्याआधीच दुसरं काही घडून गेलं होतं. निकालाच्या वेळेपर्यंत बायांनी सगळे पट्टे काढून दवाखान्याच्या ओट्यावर टाकले होते. हेमलतानं पार्बताबाईंना हात जोडून सांगितलं, "तुमचा बीपी लय हाय, तुमी तरी घाला. आता कायदा झाला, कोणी काही पाहणार नाही."

"कायदा होता ना पहिलेबी?" पार्बताबाई म्हणाल्या.

धानाच्या लावणीत त्या चिखलात कोसळल्या. बाजूच्या खाचरात कोणी नव्हतं. ललिताला त्या सापडल्या तेव्हा वेळ निघून गेली होती. पट्टा असता तर घंटा वाजली असती. ललिता हेमलताला काही बोलली नाही. तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, आणि तेराव्यानंतर लसीकरणाला मात्र पोराला घेऊन आली नाही. हेमलता रोज जात राहिली. कधी दार उघडायचं, कधी नाही.

फेरनिवडणूक हिवाळ्यात झाली. दुर्पताबाई उभ्या होत्या, शिवाय आणखी तिघं. रांग आधीपेक्षा तोकडी होती. बऱ्याच बाया आल्याच नव्हत्या. आलेल्या दाराशी उभ्या राहून हातातल्या बांगड्यासुद्धा चाचपून पाहत होत्या. शिपाई प्रत्येकीला सांगत होता, "मावशी, काचेच्या बांगड्या राहू द्या, त्यांनी काही होत नाही," पण एकदोघींनी त्याही उतरवून ठेवल्या.

हेमलताच्या मागे येऊन कोणीतरी उभं राहिलं. तिनं वळून पाहिलं, तर रजनीताई. लढवायला बंदी होती, मत द्यायला नव्हती. केस बरेच पांढरे झाले होते. दोघी पुढेमागे सरकत राहिल्या. बोटाला शाई लावून घ्यायची वेळ आली, तेव्हा मागून हलकेच आवाज आला.

"यावेळी कोणाला देणार, हेमा?"

त्यात चेष्टा नव्हती. जुन्या सवयीनं, घरच्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं. हेमलताला क्षणभर वाटलं, सांगून टाकावं. एवढं सगळं होऊनही या बाईला सांगून टाकावं.

"ते विचाराचं नसते, ताई," ती म्हणाली आणि आडोशामागे गेली.